घरात रिमोट चार, हाताला लागतो भलताच! टिकाऊ युनिव्हर्सल रिमोट घ्यावा का?

इंदिरानगरवाला

आई-बाबांच्या हॉलमध्ये टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि बाबांचा जीव की प्राण असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. म्हणजे रिमोट चार. नाशिकमध्ये ३१ मार्च २०१३ पासून केबल डिजिटल झाली आणि घरात दुसरा रिमोट घुसला. पुढचे दोन आम्ही आमच्या हौसेने आणले.

तीन वर्षांत दोन युनिव्हर्सल रिमोट वाया गेले. पहिला एम. जी. रोडवरून दोनशेला घेतला होता. आठ महिन्यांत त्याचं आवाजाचं बटण असं झालं की अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबावं लागे. दुसरा दीड हजाराचा, मखमली लेप असलेला. दोन उन्हाळ्यांत तो लेप गुळासारखा चिकट झाला, आता त्याला सोफ्याची लव चिकटते.

माझं मत: दिसण्यावर एक रुपयाही घालू नये. बटणं, सेलचा कप्पा आणि सेल काढले तरी कोड (कुठल्या बटणाने कुठलं यंत्र चालवायचं ती खूण) लक्षात राहतात का, एवढंच बघावं. आता जुन्या रिमोटकडून शिकणारा, लर्निंगवाला घ्यायचा विचार आहे. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं 'फालतू' म्हणू नका.

सोल्डरवाला_सातपूर

फालतूच म्हणणार, पण कारण देतो. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक रिमोट मेलेले नसतातच. रबरी बटणांच्या खाली काळ्या टिकल्या असतात, त्या सर्किटवरच्या पट्ट्यांना टेकल्या की बटण लागतं. त्या रबरातून कालांतराने तेल सुटतं, वर आपल्या बोटांचा चिवडा-फरसाण आहेच. खोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या आणि टिकल्या हलक्या हाताने पुसायच्या, वाळू द्यायचं, बंद करायचं. टिकली घासू नका, काळा थर निघाला की बटण खरंच गेलं.

आणि सगळं एका रिमोटवर नेलंत की तो सोफ्याच्या फटीत गेल्यावर अख्खा हॉल मुका. त्यापेक्षा ज्याचा त्याचा, तसाच दिसणारा डुप्लिकेट घ्या. कोड टाकायची कटकट नाही.

अनघा_गंगापूररोड

दादा, दुरुस्ती तुम्हाला सोपी. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ४५ बटणांचे चार रिमोट कितीही स्वच्छ पुसून दिले तरी त्यांना सापडणार काय?

आम्ही मोठ्या आठ बटणांचा लर्निंग रिमोट आणला. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मध्ये दोन बोटं अंतर, नव्यावर शिकायचं बटण, मग जुन्यावरचं बटण. चालू-बंद टीव्हीचं, आवाज साउंडबारचा, चॅनल बॉक्सचे. लाल बटणावर नेलपेंटचा ठिपका दिला. तीन वर्षं झाली, दोनदा फरशीवर पडलाय, चालू आहे. बटणं कमी म्हणून टिकलाय असं मला वाटतं.

निवांत_नाशिककर

तुम्ही सगळे बैलगाडीला नवं चाक शोधताय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा, म्हणजे एचडीएमआय वायरीने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. साउंडबार एआरसी लिहिलेल्या पोर्टला (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयच्या भोकाला) जोडला की टीव्हीच्याच रिमोटने आवाज. काही विकत घ्यायचं नाही.

शिवाय तुमच्या लर्निंग रिमोटला फक्त इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, कळतं. हल्लीच्या टीव्ही स्टिकचा (टीव्हीच्या मागे खोचतात त्या इंटरनेटच्या कांडीचा) रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्याच्याकडून हा काहीही शिकणार नाही. महागड्याचंही सांगू नका. लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी नावाचे युनिव्हर्सल रिमोट बनवणं बंद केलं, आणि ते तर या धंद्यातले दादा होते. अ‍ॅपलवाल्या वॉझ्नियाकनेही १९८७ मध्ये शिकणारा रिमोट काढला होता. ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचा तोच लुकलुकता प्रकाश आपण अजून वापरतोय, आता पुरे.

इंदिरानगरवाला

निवांतभाऊ, करून झालंय. टीव्ही आणि साउंडबार एकमेकांशी बोलतात, मान्य. पण बॉक्स जुना, तीन रंगांच्या वायरवाला. अ‍ॅम्प्लिफायरला तर एचडीएमआयचं भोकच नाही. त्यांना सीईसी काय सांगणार, कपाळ?

ब्लूटूथचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. आमच्याकडे स्टिक नाही म्हणून वाचलो.

निवांत_नाशिककर

मग इन्फ्रारेडवाला मोबाईल घ्या. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये असतो.

इंदिरानगरवाला

घेतला होता. बाबा आवाज कमी करायला गेले की नेमका आत्याचा फोन येतो. मग टीव्ही ओरडतो, आत्या ओरडते, बाबा ओरडतात.

पंचवटीकर_६२

आमच्या घरचा मूळ रिमोट अकरा वर्षं चालला, का सांगू? पहिल्या दिवसापासून प्लास्टिकचं कव्हर. झाकण तुटलंय, रबरबँड लावलाय, बाकी अगदी नवा.

अनघा_गंगापूररोड

काका, त्या कव्हरमुळेच तर बटण जोरात दाबावं लागतं. आणि आत जमलेली धूळ बघितलीत का कधी?

सोल्डरवाला_सातपूर

कव्हरवर वाद नको, सेलवर घाला. रिमोट पडून कमी मरतात, सेल पाझरून जास्त. चालतंय म्हणून तोच सेल वर्षानुवर्षं ठेवायचा, मग स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पावडर, आणि एक दिवस स्प्रिंगच हातात. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने कोरडं करा. नवा-जुना सेल जोडीने घालू नका. तळहातावर रिमोट आपटण्याने फक्त सेलचा टेकू हलतो, मिनिटभर चालतो आणि आपल्याला वाटतं आपण दुरुस्त केला.

अनघाताईंचा मुद्दा मात्र पटला. म्हाताऱ्या माणसांसाठी आठ बटणंवाला ठीक. पण घेताना दुकानातच तपासा. एक बटण शिकवा, सेल काढा, दहा मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा, परत घाला. विसरला असेल तर काउंटरवरच सोडून या. सिग्नल जातोय का हे मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बहुधा दिसतं, पुढचा दिवा जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, तेवढ्यावरून रिमोट मेला म्हणू नका.

निवांत_नाशिककर

म्हणजे दहा मिनिटं गप्पा मारून शेवटी विकत घ्यायचाच. जुना बॉक्स बदला म्हणतो मी, एका वायरीत प्रश्न मिटेल.

इंदिरानगरवाला

बॉक्स बदलला तर आईचं फेव्हरिट चॅनलचं बटण हलेल, ते घरात चालणार नाही.

रविवारी घेतला. आठ बटणं, साधं खरखरीत प्लास्टिक, झाकणाला स्क्रू, साडेचारशे रुपये. दुकानदार वैतागला, पण सेल काढून दहा मिनिटं थांबलो. विसरला नाही. चालू-बंद टीव्हीचं, चॅनल बॉक्सचे, आवाज अ‍ॅम्प्लिफायरचा. साउंडबारसाठी बटण उरलं नाही, तो सीईसीवर. तेवढं श्रेय निवांतभाऊंना.

सोल्डरवाला_सातपूर

छान. फक्त जुने रिमोट टाकू नका. हा बिघडला तर पुढच्याला शिकवायला तेच मास्तर लागणार. सेल काढून एका डब्यात ठेवा.

इंदिरानगरवाला

तीन रिमोट डब्यात ठेवले. अ‍ॅम्प्लिफायरचा काल रात्रीपासून सापडत नाहीये.