'फोर्स मजूर' म्हणजे नक्की काय? (सोसायटी ग्रुप, रविवारच्या सभेआधी)

साने, बी-३०३: नमस्कार. उशिरा मेसेज करतेय, माफ करा, पण झोप लागत नाहीये. मोहिते साहेबांनी काल टाकलेला रीडेव्हलपमेंटच्या अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट ८४ पानांचा आहे, मी पान ३७ पर्यंत आले. कलम १९ चं हेडिंग 'फोर्स माज्युर' की काय असं आहे. मराठी सारांशात त्या जागी "दैवी आपत्ती आल्यास मुदतवाढ" एवढीच ओळ आहे. पण इंग्रजीत खाली अर्धं पान यादी आहे, त्यात मजुरांचा तुटवडा, वाळू सिमेंट लोखंड न मिळणं, परवानग्यांना उशीर, कोर्टाचा स्टे आणि शेवटी "डेव्हलपरच्या नियंत्रणाबाहेरचं इतर कुठलंही कारण". यात दैवी काय आहे? प्लीज कुणीतरी समजावून सांगा.

नाईक वहिनी, ए-१०४: १९.४ पण वाचा. त्या काळात डेव्हलपर आपल्याला देणार ते बाहेरच्या घराचं भाडं थांबणार असं लिहिलंय.

रेगे, सी-४०२: फोर्स मजूर! मजूर मिळत नाहीत म्हणून फोर्सने आणणार वाटतं 😄

मोहिते, सेक्रेटरी: साने मॅडम, हा स्टँडर्ड क्लॉज आहे, सगळ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतो. पीएमसीनेही (आपल्या प्रोजेक्ट कन्सल्टंटनेही) तेच सांगितलंय. सभेच्या तोंडावर लोकांना घाबरवू नये ही नम्र विनंती 🙏

साने, बी-३०३: घाबरवत नाहीये साहेब. अर्थ विचारतेय.

थत्ते, सी-३०२: रेगे, जागेच आहात तर माझ्या किचनच्या गळतीचं काय ते पण सांगा.

रेगे, सी-४०२: थत्ते साहेब प्लंबर येऊन गेला, त्याचं म्हणणं गळती पाईपची नाही बाहेरच्या भिंतीची आहे, म्हणजे सोसायटीचं काम.

थत्ते, सी-३०२: तीन वेळा येऊन गेला. पातेलं अजून ओट्यावरच आहे.

मोहिते, सेक्रेटरी: वैयक्तिक विषय पर्सनलवर घ्या. शुभ रात्री.

नाईक वहिनी, ए-१०४: १९.४ कुणी वाचलं का?

प्रधान, चेअरमन: सुप्रभात 🌸 रात्री बरीच चर्चा झालेली दिसतेय. बिल्डिंग १९८४ ची आहे, ऑडिट रिपोर्ट सगळ्यांनी पाहिलाय. पाच वर्षांपूर्वी असाच एका शब्दावरून वाद घालून आपण आधीचा डेव्हलपर घालवला हे विसरू नये.

साने, बी-३०३: तो आम्ही घालवला नाही प्रधान साहेब, तो स्वतः गेला. आणि सगळ्यांना माहितीये का गेला.

मोहिते, सेक्रेटरी: जुना विषय नको.

सायली, बी-२०४ (बाबांच्या फोनवरून): मी पुण्याला अलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंच शिकलेय म्हणून सांगते. शब्द फ्रेंच आहे, फोर्स म्हणजे ताकद आणि माझर म्हणजे वरचढ, आपल्याहून मोठी. फ्रेंचमध्ये फोर्स हा शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून स्पेलिंगमध्ये शेवटी ई लागतो. उच्चार साधारण "फोर्स माझर", ट्रेझर मेझर म्हणतो ना तो झ, आपल्या 'माझा'तला नाही, आणि शेवटचा र घशातून. पण फ्रेंच लोक हा शब्द फक्त भूकंपासाठी वापरत नाहीत. तिथे १८०४ पासून नेपोलियनच्या कायद्यात तो आहे आणि २०१६ मध्ये त्यांनी व्याख्या नव्याने लिहिली, कलम १२१८. थोडक्यात तीन कसोट्या, गोष्ट त्या माणसाच्या हाताबाहेरची हवी, करार करताना अंदाज येण्यासारखी नको, आणि योग्य ते उपाय करूनही टळण्यासारखी नको. तिन्ही एकदम लागल्या तरच.

रेगे, सी-४०२: म्हणजे मजूर नाहीच. वाईट वाटलं.

आपटे काका, सी-१०१: सायली शाब्बास. मी ३१ वर्षं कॉटन ग्रीनला कापसाच्या पेढीवर होतो त्यामुळे हा शब्द माझ्या परिचयाचा आहे, आमच्याकडे सरळ "फोर्स मेजर" म्हणायचे, बोट बंदरात अडकली, इम्पोर्ट लायसन्स निघालं नाही की शेटजी म्हणायचे फोर्स मेजर बघा. मुंबईच्या कापूसवाल्यांचीच एक केस सुप्रीम कोर्टात गेलेली, निकाल १९६१ चा. करारात नुसतं "नेहमीच्या फोर्स मेजर क्लॉजला अधीन" असं होतं. एका बाजूने सांगितलं की हा शब्द मोघम आहे, करारच धरू नका. कोर्ट म्हणालं की कापसाच्या धंद्यात नेहमीचं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं त्यामुळे मोघम नाही. आणि हेही म्हणालं की फोर्स मेजर हा शब्द दैवी आपत्तीपेक्षा मोठा आहे. लॅटिनमध्ये व्हिस मेजर म्हणतात, तिथे मुख्यतः निसर्गाचा कोप येतो. फोर्स मेजरमध्ये माणसाने आणलेलं संकटही येतं. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, अस्मानी आणि सुलतानी. दैवी आपत्ती म्हणजे नुसती अस्मानी. फोर्स मेजर म्हणजे अस्मानी अधिक सुलतानी. सारांश लिहिणाऱ्याने अर्धाच शब्द लिहिला आहे.

मोहिते, सेक्रेटरी: सारांश मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून केलाय आपटे काका. कुणी मदतीला आलं नव्हतं. डिक्शनरीत जो अर्थ होता तो लिहिला.

आपटे काका, सी-१०१: तुमच्या कष्टाबद्दल शंका नाही मोहिते. शब्द चुकला एवढंच म्हणतोय.

प्रधान, चेअरमन: चूक काढणं सोपं असतं.

नाईक वहिनी, ए-१०४: १९.४. भाडं थांबणार.

थत्ते, सी-३०२: हा मेसेज डिलीट केला गेला

रेगे, सी-४०२: मी वाचला तो थत्ते साहेब.

साने, बी-३०३: करंदीकर वकील ग्रुपवर आहेत, त्यांनी दोन शब्द सांगितले तर बरं होईल.

करंदीकर, बी-४०१: मी कोर्टात होतो. आधीच सांगतो, हे फुकटचं मत आहे, उद्या "वकील म्हणाले होते" असं सभेत कुणी म्हणू नका, गेल्या वेळी लिफ्टच्या विषयात तसं झालं होतं. इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चा आहे, त्यात फोर्स माज्युर हा शब्दच नाही. कलम ५६ आहे, म्हणजे काम खरोखर अशक्य झालं तर करार संपतो, पण तो उंबरठा फार उंच आहे. आणि कलम ३२ आहे, म्हणजे अमुक घडलं तर असं करायचं हे करारातच लिहिलेलं असेल तर त्याप्रमाणे चालायचं. फोर्स माज्युरचा क्लॉज या ३२ खाली बघतात. म्हणजे हेडिंगच्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत शोधून उपयोग नाही, त्याच्याखाली आपण जी यादी मान्य करून सही करू तोच त्याचा अर्थ. मोहिते, "स्टँडर्ड" म्हणालात, तर स्टँडर्ड असं काही नसतं. काकांच्या केसमध्ये दोन्हीकडे कापसाचे व्यापारी होते, दोघांना बाजाराची रीत माहीत. इथे एका बाजूला डेव्हलपर आणि दुसऱ्या बाजूला आपण ४० घरं, आपली नेहमीची रीत कुठली?

साने, बी-३०३: मग मजुरांचा तुटवडा यादीत बसू शकतो? आपण सही केली तर?

करंदीकर, बी-४०१: सही केलीत तर ते आपणच बसवलेलं असेल. कायदा स्वतःहून सहसा बसवत नाही. २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वीज कंपन्यांचा, इंडोनेशियात कायदा बदलला आणि तिथला कोळसा महागला म्हणून सुटका मागत होते. कोर्टाने सांगितलं की काम महाग पडलं, जड गेलं म्हणजे फोर्स माज्युर होत नाही. लोखंडाचे भाव वाढणं हे त्याच जातीतलं. रेरा म्हणजे बिल्डरांवरचा २०१६ चा कायदा, त्याच्या कलम ६ मध्ये व्याख्या आहे ती तर अगदी आटोपशीर, युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाने आणलेली दुसरी आपत्ती, एवढंच. पण ती प्रोजेक्टच्या नोंदणीच्या मुदतवाढीपुरती आहे, आपल्या करारात आपोआप उतरणार नाही, शब्द न् शब्द लिहून घ्यावी लागेल.

आपटे काका, सी-१०१: बघा, रेराची यादी युद्ध सोडलं तर सगळी अस्मानी आहे. आणि आपल्या ड्राफ्टमधली वाळू, सिमेंट, मजूर ही ना अस्मानी ना सुलतानी, तो धंद्यातला रोजचा धोका आहे. पेढीवर आम्ही तो दरात धरायचो.

रेगे, सी-४०२: आता गंभीरपणे बोलतो, मी स्वतः साईटवर काम करतो, २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्या साईटवरचे मजूर चालत गावाला निघाले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, सगळ्यांना सहा महिने वाढवून दिले ते बरोबरच होतं. त्यामुळे मजूर हा शब्द सरसकट काढून टाका म्हणणं मला पटत नाही. सरकारी बंदीमुळे मजूर गेले तर धरा. ठेकेदाराने पगार थकवला म्हणून गेले तर धरू नका. दोन्हीला कागदावर "मजुरांचा तुटवडा"च म्हणतात.

करंदीकर, बी-४०१: रेगे बरोबर बोलले. हाच फरक लिहून घ्यायचा आहे.

साने, बी-३०३: रेगे साहेब हे तुम्ही काल रात्रीच सांगितलं असतंत तर.

शेख, ए-३०२: मी सहसा लिहीत नाही. माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये हेच झालं म्हणून लिहितोय. डेव्हलपरचं नाव घेत नाही. बिल्डिंग पाडली, प्लिंथपर्यंत काम आलं आणि मग एक दिवस पत्र आलं, त्यात हाच शब्द. कारण काय तर परवानगी अडकलीय. नंतर कळलं की परवानगी अडकली कारण यांनीच फी भरली नव्हती. १४ महिने भाडं बंद. मेहुणे रिटायर्ड, त्यांनी पीएफमधून भाडं भरलं. पत्र वाचून तिने मला फोन केला होता, भाईजान हा फोर्स काय आहे, पोलिस येणार आहेत का. मला हसू नाही आलं तेव्हा.

साने, बी-३०३: शेख भाई 🙏

मोहिते, सेक्रेटरी: शेख भाई हे मला माहीत नव्हतं.

प्रधान, चेअरमन: वाईट झालं. पण प्रत्येक डेव्हलपर तसा नसतो हेही लक्षात घ्या. आणि महापालिकेने खरंच फाईल अडवली तर त्या बिचाऱ्याने काय करायचं?

करंदीकर, बी-४०१: प्रधान साहेब प्रश्न रास्त आहे. लिहायचं असं की फाईल पूर्ण आहे, फी वेळेत भरलीय, तरीही उशीर झाला तर तेवढे दिवस मुदतवाढ. स्वतःच्या चुकीने झालेला उशीर धरायचा नाही. आणि नोटीस. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थ खात्याने सरकारी खरेदीबद्दल पत्रक काढलं होतं की करोनामुळे पुरवठा अडला तर ती नैसर्गिक आपत्ती समजावी, पण त्यातच हेही होतं की संकट आल्याबरोबर कळवायला हवं, मागाहून दावा करता येणार नाही, आणि जबाबदारी कायमची सुटत नाही, तेवढ्या काळापुरती थांबते. आपल्या ड्राफ्टमध्ये नोटीशीला काही मुदतच नाही. दोन वर्षांनी येऊन "त्या वेळी फोर्स माज्युर होतं" म्हणाले तर?

थत्ते, सी-३०२: टँकर आला का? खालच्या टाकीत पाणी नाहीये.

मोहिते, सेक्रेटरी: ११ ला येतोय.

नाईक वहिनी, ए-१०४: कालपासून एकच विचारतेय. काम थांबलं तर मुदत वाढवा, मी समजू शकते. पण भाडं का थांबणार? पूर आला तरी आम्ही कुठेतरी राहणारच ना? घर आम्ही त्यांच्या ताब्यात दिलेलं असेल आणि बाहेरचा घरमालक काही फोर्स माझर बघून भाडं माफ करणार नाही. माझं पेन्शन २३ हजार आहे. त्या शब्दाचा अर्थ फ्रेंचमध्ये काय आणि कापसात काय, मला ऐकायला आवडलं, पण माझ्यासाठी त्याचा अर्थ १९.४ मध्ये आहे.

करंदीकर, बी-४०१: वहिनी, तुम्ही पहिल्या मेसेजपासून मुद्द्यावर होतात. मी १९.४ आत्ता वाचलं. मुदत आणि भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ड्राफ्टमध्ये त्या मुद्दाम एकात बांधल्यात.

आपटे काका, सी-१०१: खरं आहे. मी शब्दातच रमलो.

प्रधान, चेअरमन: माझी एकच विनंती, पत्र सौम्य भाषेत जावं. डेव्हलपर दुखावला जाऊ नये.

साने, बी-३०३: सौम्यच लिहू साहेब. पण लिहू.

मोहिते, सेक्रेटरी: ठीक आहे. पीएमसीला आजच मेल करतो. सारांशातली "दैवी आपत्ती" काढतो, फोर्स माज्युर हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पूर्ण यादीचं मराठी सायलीने आणि आपटे काकांनी मिळून करावं, मला रात्री दोनपर्यंत पुन्हा जमणार नाही. मागण्या अशा लिहितोय, यादी बंद हवी म्हणजे "इतर कुठलंही कारण" ही ओळ जाणार, मजूर आणि माल फक्त सरकारी बंदी असेल तरच, परवानगीचं करंदीकर म्हणाले तसं, घटना घडल्यापासून १५ दिवसांत लेखी नोटीस पुराव्यासकट, आणि एकूण मुदतवाढीला कमाल मर्यादा. काही राहिलं का?

नाईक वहिनी, ए-१०४: १९.४.

मोहिते, सेक्रेटरी: हो हो, तेच लिहीत होतो. भाडं कुठल्याही कारणाने थांबणार नाही.

नाईक वहिनी, ए-१०४: पहिल्या नंबरवर घ्या.

मोहिते, सेक्रेटरी: घेतलं.

शेख, ए-३०२: भाडं बुडलं तर बँक गॅरंटीतून घेता येईल असंही लिहा. बहिणीच्या करारात ते नव्हतं.

मोहिते, सेक्रेटरी: लिहितो शेख भाई.

रेगे, सी-४०२: थत्ते साहेब, रविवारी सकाळी दुसरा प्लंबर घेऊन येतो. भिंत असो की पाईप, या वेळी खर्च माझा.

थत्ते, सी-३०२: या. चहा घ्यायला या.

साने, बी-३०३: मी पान ३८ पासून पुढे वाचायला घेतेय. अजून ४७ पानं आहेत आणि सभेला तीन दिवस.

नाईक वहिनी, ए-१०४: दुपारी येते तुमच्याकडे. इंग्रजी तुम्ही वाचा, आकडे मी तपासते.