चेंडू वर जाऊन क्षणभर थांबतो, तेव्हा त्वरण शून्य का नसतं?

वाईची आई
नमस्कार. मी वाईत किराणा दुकान चालवते, शिक्षण बी.कॉम. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. काल संध्याकाळी दोघी गच्चीवर टेनिसचा चेंडू सरळ वर फेकत बसलो होतो, कारण तिच्या वहीतलं एक वाक्य मला काही केल्या पटेना: सर्वांत उंच जागी वेग शून्य, त्वरण मात्र ९.८. मी म्हटलं, अगं थांबलाय ना तो? थांबलेल्याला त्वरण कुठून आलं? तिचं उत्तर एकच, बाईंनी सांगितलंय.

दुसरं म्हणजे ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ असंही वहीत आहे. पण वरची दिशा धन धरली तर खाली येतानाही त्वरण ऋणच राहतं, आणि चेंडू तर खाली येताना आणखी जोरात येतो. मग मंदन कसलं?

पाठ करून मार्क मिळतील. पण ‘असंच असतं’ एवढं सांगून मला तिची बोळवण करायची नाहीये.

सह्याद्री_७७
माझ्या मते वर शून्यच असणार. थांबला म्हणजे सगळंच थांबलं. ९.८ फक्त खाली पडताना.

निवृत्त विज्ञान शिक्षक
सह्याद्री, हे उत्तर चूक आहे, पण मी शिकवत होतो तेव्हा दर वर्षी वर्गात पहिलं हेच उत्तर यायचं. याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. स्पीड, गती, वेग हे सगळं आपण एकाच अर्थाने वापरतो. ‘गाडीचा वेग साठ’ म्हणतो, ती खरं तर चाल. वेगात दिशाही येते. आणि त्वरण म्हणजे वेग किती आहे ते नव्हे, तो दर सेकंदाला कितीने बदलतोय ते.

ताई, तुमच्या खतावणीवरूनच सांगतो. एका गिऱ्हाईकाने ९८ रुपये आगाऊ ठेवले. रोज तो ९ रुपये ८० पैशांचा माल नेतो. दहाव्या दिवशी खातं शून्य. अकराव्या दिवशी ९.८० उधारी, बाराव्या दिवशी १९.६०. आता सांगा, दहाव्या दिवशी त्याने माल नेलाच नाही का? नेला, म्हणून तर खातं शून्यावर आलं. शिल्लक म्हणजे वेग, रोजची उचल म्हणजे त्वरण. शिल्लक शून्य झाली म्हणून उचल थांबत नाही.

चेंडूच्या बाबतीत दिवसाऐवजी सेकंदाचा दहावा भाग धरा. सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर फेकला, तर ०.९ सेकंदाला वेग ०.९८ वर, १ सेकंदाला शून्य, १.१ सेकंदाला ०.९८ खाली. प्रत्येक टप्प्यात बदल तेवढाच, ०.९८, आणि तोही खालच्या दिशेने. वेग शून्यावर आल्यावर त्वरणही शून्य झालं असतं आणि तसंच राहिलं असतं, तर चेंडू ४.९ मीटर उंचीवर तसाच लटकून राहिला असता.

(यात हवेचा अडथळा सोडून दिलाय. पण अगदी टोकाला वेगच नसल्यामुळे तो अडथळाही नसतो, त्यामुळे ९.८ हा आकडा तिथेच सगळ्यांत चोख लागू पडतो. मला हे फार सुंदर वाटतं.)

तुमची दुसरी शंका रास्त आहे. वहीतलं ते वाक्य अर्धंच आहे आणि अशी अर्धी वाक्यं मला कायम खटकत आली आहेत. त्वरण वेगाच्या विरुद्ध दिशेला असेल तेव्हाच मंदन. वर जाताना ते विरुद्ध, म्हणून चेंडू मंदावतो. खाली येताना दोन्ही खाली, म्हणून झपाटा वाढतो. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं, आणि कुठली दिशा धन हे आपणच ठरवलेलं असतं. उधारी वाढतानाही रोजचा बदल उणेच असतो, तसंच हे.

घाटातला चालक
सरांनी छान सांगितलं. ताई, मी २२ वर्षं ट्रक चालवला, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी किती वेळा चढलो असेन. भरलेली गाडी चढावर बंद पडली आणि ब्रेक लागला नाही, तर ती थोडी पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि मागे यायला लागते. तो क्षण ज्याने पाहिलाय तो कधीच म्हणणार नाही की गाडी थांबली म्हणजे सगळं थांबलं. क्लीनर मागच्या चाकाला दगड लावायला पळतो तो त्याच क्षणासाठी.

सपाट रस्त्यावर ब्रेक मारल्यावर मात्र गाडी थांबली की ब्रेकचं काम संपतं, त्वरणही तिथेच संपतं. एकदम संपतं म्हणूनच शेवटचा हिसका बसतो. चांगला ड्रायव्हर थांबायच्या जरा आधी पाय हलका करतो. आम्ही त्वरण शब्द कधी वापरला नाही, पिकअप म्हणायचो, पण पिकअप आणि स्पीड वेगळे हे पहिल्या चढालाच कळतं.

वाईची आई
सर, दादा, मनापासून आभार. रात्री जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर दोघींनी गिऱ्हाइकाचं खातं मांडलं. शून्याच्या ओळीवर आल्यावर ती स्वतःच म्हणाली, “आई, शिल्लक नाहीये, पण माल तर नेलाच की.” मग वहीतल्या वाक्यात ‘वेगाच्या विरुद्ध’ हे शब्द तिने लाल पेनाने घातले.

आता तिचा नवा प्रश्न आहे. चेंडू गच्चीवर नुसता पडून आहे, पृथ्वी त्यालाही ओढतेच. मग त्याचं त्वरण ९.८ का नाही?

निवृत्त विज्ञान शिक्षक
शाब्बास! तिला सांगा, आता त्या गिऱ्हाइकाने रोज ९.८० चा माल न्यायचा आणि रोज ९.८० जमाही करायचे. जमा करणारी ती गच्चीची फरशी, ती चेंडूला तेवढ्याच बळाने वर रेटते. उचल चालूच आहे, खातं मात्र हलत नाही.