खिशात मावणारी विजेरी कोणती घ्यावी?

प्रश्न: शेतीपंपाला वीज रात्रीच मिळत असल्याने बांधावरून जाताना सापकिरडू वेळीच दिसेल, अशी खिशातली विजेरी आपण कोणती वापरता?

उत्तर: मी १८६५० सेलची, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल बसणारी विजेरी वापरतो, कारण सेल उतरला तर जागच्या जागी दुसरा घालता येतो. झोत मात्र कमरेजवळून तिरपा टाकावा, म्हणजे खाचखळग्यांच्या सावल्या उठून दिसतात. कपाळावरच्या दिव्याने त्या दिसत नाहीत.

दुसऱ्याचे उत्तर: सावल्यांचे म्हणणे मान्य आहे, पण दारे धरताना, म्हणजे पिकाला पाणी वळवताना, दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले असतात आणि विजेरी दातांत धरून मी एकदा ती पाटात घालवली आहे, तेव्हा कपाळावरचा दिवाही जवळ असावा.

प्रश्नकर्ता: दोन्ही घेतो.