सटीक, सटीप की भाष्ययुक्त? शाळेतल्या संदर्भसूचीसाठी शब्द हवा आहे

इतिहासाच्या शिक्षिका, सोलापूर

नववीला यंदा प्रकल्प दिला आहे : मे 1930 मधले सोलापूर. आपल्याकडे त्या दिवसांना अजूनही सगळे ‘मार्शल लॉ’च (लष्करी कायदा) म्हणतात. मुलांना सांगितले की शेवटी नुसती पुस्तकांची यादी नको. प्रत्येक नोंदीखाली चार-पाच ओळी लिहा : त्यात काय आहे, कोणी आणि केव्हा लिहिले, आणि आपल्या प्रश्नाला त्याचा कितपत उपयोग झाला. इंग्रजीत याला ‘अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी’ म्हणतात.

फळ्यावर मी ‘सटीक ग्रंथसूची’ असे लिहिले आणि तिथेच घोटाळा झाला. निम्म्या वर्गाला सटीक म्हणजे अचूक वाटले. त्यांनी प्रकाशकाचे नाव, पृष्ठसंख्या, किंमतसुद्धा काटेकोर उतरवली आणि खाली एक ओळही लिहिली नाही. उरलेल्यांना त्या शब्दात ‘टीका’ दिसली. एका मुलाने प्रत्येक पुस्तकात एकेक दोष शोधून काढला : एकाची छपाई बारीक, एकात चित्रेच नाहीत. फार मेहनत केली होती त्याने. चूक त्याची नव्हती, शब्द मी दिला होता.

टिप्पणीयुक्त, भाष्ययुक्त, वर्णनात्मक असे पर्याय सुचले. पण ऐकताक्षणी काय लिहायचे ते मुलाला कळेल असा शब्द कोणता?

मराठीचे निवृत्त शिक्षक

बाई, तुमचा शब्द मुळात बरोबरच होता. सटीक म्हणजे टीकेसह : वर मूळ ग्रंथ, खाली त्याचा उलगडा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ असे येते. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290. तिथली टीका म्हणजे अर्थ खुला करणे, दोष काढणे नव्हे. आज मात्र हा शब्द दोन्हीकडून ओढला गेला आहे. टीका म्हटले की आपल्याला पुढाऱ्यांची एकमेकांवरची टीका आठवते, आणि ‘अचूक’ या अर्थाचा हिंदी ‘सटीक’ बातम्यांतून मराठीत रुळत चालला आहे. जुना अर्थ मला प्रिय आहे, तरी नववीच्या वर्गात तो आज लढवू नये असेच म्हणेन.

‘भाष्य’ही नको. पतंजलीचे महाभाष्य पाणिनीच्या सूत्रांवर आहे, एकेका सूत्रावर केवढा ऊहापोह! शिवाय आपण ‘परिस्थितीवर भाष्य करणे’ म्हणतो तेव्हा त्यात मत आधी येते. मुलाने आधी पुस्तक नीट वाचावे, मत मागाहून यावे.

ग्रंथपाल

माझा आक्षेप दुसऱ्या शब्दावर आहे, ‘ग्रंथसूची’वर. ग्रंथ हा शब्द बांधणे, गुंफणे या धातूवरून आला; पाने ओवून बांधली की ग्रंथ. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तिला ‘मराठी ग्रंथसूची’ हेच नाव शोभते. तुमच्या मुलांच्या यादीत मात्र वर्तमानपत्राचे कात्रण असणार, चार हुतात्मा चौकातले पुतळे असणार, कोणाच्या तरी आजीची आठवण असणार. यातले बांधलेले काय आहे? म्हणून ‘संदर्भसूची’.

‘साधनसूची’ असाही विचार मनात आला. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, आणि शाळेच्या पुस्तकांतही भौतिक, लिखित, मौखिक साधने असतात. पण साधन म्हणजे कच्चा माल. त्यावरून पुढे कोणी लिहिलेले पुस्तक साधन म्हणून चालत नाही, संदर्भ म्हणून चालते.

एक अनुभव सांगतो. या विषयावरची मुले वाचनालयात आली की हमखास मुंबई इलाख्याचे सोलापूर गॅझेटियर मागतात. जाडजूड, सरकारी, जुने, म्हणजे महत्त्वाचे! ते 1884 चे आहे. जिल्ह्यातली शेती, दुष्काळ, विणकाम यांसाठी उत्तम. पण मार्शल लॉ लागला 12 मे 1930 ला, म्हणजे 46 वर्षांनी. नुसत्या यादीत ही गोष्ट दडून राहते. खाली चार ओळी लिहायला लावल्या की मुलगा स्वतःच अडखळतो आणि ते पुस्तक यादीतून काढतो, किंवा आपला प्रश्न बदलतो. दोन्ही चांगलेच.

एका विद्यार्थिनीची आई

आमच्या घरी युनिफॉर्म शिवायचे काम चालते. ‘टीप’ म्हटले की मुलीला मशीनची टीप आठवते. मला तर हा शब्द चांगला वाटतो. टीप कापडाला धरून चालते, सुटी राहत नाही.

मराठीचे निवृत्त शिक्षक

वा ताई, हे फार नेमके सांगितलेत! पाखरू दाणा टिपते, टिपकागद शाई टिपतो, कान शब्द टिपतात. सगळ्यांत नेमके तेवढेच उचलण्याचा भाव आहे, आणि मुलांनी पुस्तकातून तेच करायचे आहे. सूची या संस्कृत शब्दाचा एक अर्थ सुईसुद्धा आहे, म्हणजे सुईबरोबर टीप आलीच. ‘सटीप आवृत्ती’ असे आपण म्हणतोच, तसे ‘सटीप संदर्भसूची’ म्हणा.

इतिहासाच्या शिक्षिका, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात ‘सटीप संदर्भसूची’ लिहिले आणि पुढे काहीही समजावून सांगावे लागले नाही. “प्रत्येकाखाली टीप मारायची ना बाई?” असे मागच्या बाकावरून आले, तेवढे पुरे झाले.

टिपा लिहिताना एक गोष्ट मुलांनीच पकडली. एकाच दिवसाला सरकारी कागद ‘दंगल’ म्हणतो आणि नंतरचे मराठी पुस्तक ‘लढा’. मग ठरवले की टिपेत लेखकाने वापरलेला शब्द अवतरणात द्यायचा. पुतळ्यांवरची एका मुलाची टीपही मला आवडली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिले, पुतळे नंतरचे आहेत, म्हणून त्यांवरून शहराने त्यांना कसे लक्षात ठेवले ते कळते, 1930 च्या मे महिन्यात रस्त्यावर काय झाले ते कळत नाही.

आता एकच अडचण उरली आहे. पूर्व भागातल्या एका मुलीने आजीकडून ऐकलेले लिहून आणले. नोंदीच्या वर ‘मुलाखत’ लिहावे की ‘आठवण’? आजीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून मला दोन्ही शब्द पटत नाहीत. सध्या ‘ऐकीव माहिती’ लिहायला सांगितले आहे, पण त्यात थोडा कमीपणा येतो असे वाटते. तिची टीप जशीच्या तशी देते, वाचून शब्द सुचवा :

“आजीने हे तिच्या सासऱ्यांकडून ऐकले. ते गिरणीत होते. आजी तेलुगूत बोलली, मी मराठीत लिहिले, म्हणून शब्द माझे आहेत. कर्फ्यूत घरात पीठ नव्हते हे तिने तीनदा सांगितले. तारखा तिला आठवत नाहीत. टोपीबद्दल ती जे सांगते ते मला दुसरीकडे अजून सापडलेले नाही, शोधत आहे.”