अनुभव धागा : डॅनियल ओ’कॉनेल – वकील आणि लोकनेता

२०२५ मध्ये डॅनियल ओ’कॉनेल यांच्या जन्माला २५० वर्षे पूर्ण झाली. केरी परगण्यात जन्मलेल्या या वकिलाने आयर्लंडमधल्या गरीब कॅथलिक शेतकऱ्याला राजकारणात उभे केले. आयर्लंडमधील वास्तव्यात, वकिली करताना किंवा इतिहास शिकवताना ज्यांचा त्यांच्या आयुष्याशी संबंध आला, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डब्लिनहून, अभियंता
ओ’कॉनेल यांच्याच खटपटीने १८३२ साली सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुली झालेली ग्लासनेव्हिनची दफनभूमी माझ्या घरापासून जवळ आहे. तेथील उंच गोल मनोऱ्याच्या तळघरात त्यांची शवपेटी ठेवलेली असून, भोवतालच्या दगडी कठड्याच्या झरोक्यातून हात घालून तिच्या लाकडाला स्पर्श करता येतो. रोमच्या यात्रेला निघालेले ओ’कॉनेल १५ मे १८४७ रोजी वाटेत जेनोआ येथे वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे हृदय रोमला गेले आणि देह मायदेशी आला. त्या वेळी आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ होता, हे आठवले की मन विषण्ण होते.

पुण्याहून, वकील
मी फौजदारी खटले चालवतो, त्यामुळे मला त्यांच्या सभांपेक्षा त्यांची उलटतपासणी अधिक मोलाची वाटते. १७९८ मध्ये त्यांना सनद मिळाली खरी, परंतु कॅथलिक असल्यामुळे राजाचे वकील हा मान १८२९ पर्यंत त्यांना मिळणे शक्यच नव्हते, आणि त्यांच्याहून कमी कुवतीचे वकील न्यायालयात त्यांच्या पुढे बसत. १८२९ मध्येच कॉर्क परगण्यातील डोनरेल येथील कटाच्या खटल्यात पहिल्या आरोपींना फाशीची शिक्षा झाली, तेव्हा उरलेल्यांच्या वतीने एक माणूस रात्रभर घोडा दौडवत त्यांच्या डेरिनेन येथील घरी पोहोचला. ओ’कॉनेल तडक कॉर्कला निघाले, आणि खटला सुरू असतानाच न्यायालयात शिरून, तिथेच दूध-पाव खात त्यांनी सरकारी पक्षाला आव्हान दिले. त्यानंतर सरकारी साक्षीदारांचा टिकाव लागला नाही. पुढच्या आरोपींवर गुन्हा शाबीत झाला नाही आणि आधीच्यांची फाशीही टळली. नवख्या सहकाऱ्यांना मी हा खटला आवर्जून सांगतो, कारण अशिलाची बाजू जवळजवळ हरलेली असताना वकिलाने काय करावे, हे त्यात दिसते.

एनिसहून, परिचारिका
मी क्लेअर परगण्यात राहते. महिन्याला एक पेनी वर्गणी घेऊन ओ’कॉनेल यांच्या कॅथलिक असोसिएशन या संघटनेने गावोगावचे लोक जोडले आणि १८२८ च्या पोटनिवडणुकीत येथील कुळांनी जमीनदारांचा रोष पत्करून ओ’कॉनेल यांना ९८२ विरुद्ध २०५७ मतांनी निवडून दिले. पुढच्या वर्षी कॅथलिकांना संसद खुली झाली, पण त्याच वेळी मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेल्यामुळे ज्यांनी हा विजय मिळवून दिला त्यांच्यापैकी बहुतेकांचे मतच गेले. ओ’कॉनेल यांचा विजय साजरा करताना हे सांगितलेच पाहिजे.

नाशिकहून, निवृत्त इतिहास शिक्षक
टिळकांच्या होमरूल चळवळीचे नाव आयर्लंडमधून आले, म्हणून तो धडा शिकवताना मी नेहमी ओ’कॉनेल यांच्यापर्यंत मागे जात असे. इंग्लंडशी झालेले एकीकरण रद्द व्हावे यासाठी १८४३ मध्ये त्यांनी भरवलेल्या सभांना लाखोंचा समुदाय जमे. ८ ऑक्टोबरच्या क्लॉन्टार्फ येथील सभेवर सरकारने आदल्या दिवशी बंदी घालून सैन्य आणले, तेव्हा त्यांनी सभा रद्द केली. तरुण सहकाऱ्यांपैकी अनेकांना ही माघार सलली, आणि माझ्या वर्गातही यावरून दरवर्षी वाद रंगे. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. १८१५ च्या द्वंद्वयुद्धात त्यांच्या गोळीने डेस्टर नावाचा माणूस मेला होता आणि त्याची टोचणी त्यांना जन्मभर राहिली. असा माणूस नि:शस्त्र लोकांना तोफांसमोर उभे करील, हे शक्यच नव्हते. सभा रद्द करूनही त्यांच्यावर कटाचा खटला झाला, ते तुरुंगात गेले, आणि सप्टेंबर १८४४ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने ती शिक्षा रद्द ठरवली.