मदत हवी आहे : एकट्याने सुटतं, समोर कुणी बसलं की अडतं

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरचा, जावा या प्रोग्रामिंग भाषेवर दोन वर्षं काम केलंय. गेल्या ३ महिन्यांत सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी ६ मुलाखती दिल्या, त्यात समोर बसून कोड लिहायचा असतो. त्यातल्या दोनदा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो, संध्याकाळी त्याच गाडीने हात हलवत परत.

परवाच्या ऑनलाइन मुलाखतीचं सांगतो. यादीतल्या कोणत्या दोन आकड्यांची मिळून दिलेली बेरीज होते, ते शोधायचं होतं. घरी हे मी झोपेतही लिहीन. एकेक आकडा घ्यायचा, बेरजेला उरलेला हॅशमॅपमध्ये (आधी पाहिलेल्या आकड्यांची झटकन शोधता येणारी नोंद) आहे का बघायचं, एका फेरीत काम खलास. तिथे मात्र लूपमध्ये लूप घालून बसलो, म्हणजे प्रत्येक आकडा बाकी प्रत्येकाशी ताडून पाहायचा, फार हळू. "आकडे १० लाख असतील तर?" असं विचारल्यावर चूक लगेच कळली, पण इंग्रजीत समजावताना जीभच वळेना. त्यात समोरच्यांचा कॅमेरा बंद. ऐकतायत की जेवतायत, देव जाणे.

तर, बोलत बोलत कोड लिहायची सवय तुम्ही कशी लावली? मी खोलीत एकटाच बोलून पाहतो, तर आई दार वाजवून विचारते, "कुणाशी भांडायलास रे?"

सोलापुरात कुणी आठवड्यातून एकदा समोर बसून सरावाची मुलाखत घेईल का? सात रस्त्याला भेटू, चहा माझ्याकडून.

आणखी एक. एका कंपनीने घरी करायला प्रोजेक्ट दिला होता. चार रात्री जागून दिला, ३ आठवडे झाले, हो नाही की नाही नाही. दोन मेल केलेत. आता एचआरला फोन करावा, की सोडून द्यावं?