वॉरंट, काउंटरक्लेम, रिबटल: आधी शब्द की आधी निबंध?

शाईचा डाग
नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आर्ग्युमेंटेटिव्ह एसेचे, म्हणजे एक बाजू घेऊन ती पटवून देणाऱ्या निबंधाचे, पहिले दोन आठवडे नुसत्या व्याख्यांत जातात: थीसिस (निबंधाचं मुख्य म्हणणं), क्लेम (दावा), एव्हिडन्स (पुरावा), वॉरंट (पुराव्याला दाव्याशी जोडणारी पायरी), काउंटरक्लेम (समोरच्या बाजूचा दावा), रिबटल (त्याला दिलेलं उत्तर). 'जोड्या लावा' दिलं की बऱ्याच जणांना पैकीच्या पैकी. मग निबंध येतो आणि त्यातला क्लेम असतो, "मोबाइलचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत." याला कोण नाही म्हणणार? आणि ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, तो क्लेम कसला? गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्या मुलीची क्लेमची व्याख्या बिनचूक होती.

माझं मत: शब्द आधी शिकवणं बंद करा. मुलांना कागदावर भांडू द्या, अडली की तिथे शब्द द्या. पोहायला शिकवताना आपण आधी स्नायूंची नावं पाठ करून घेतो का?

खडूफळा
साफ असहमत. आणि ती पोहण्याची उपमा गंडलेली आहे. पोहताना चुकलं तर नाकात पाणी जातं, शरीर आपोआप शिकतं. निबंधात चुकलं तर काहीच होत नाही. मूल खुशाल पुढच्या परिच्छेदात जातं.

शब्द नसतील तर मी वहीच्या कडेला लिहू काय? "नीट पटवून दे"? वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो, त्याने कुणाचं काही सुधारलं नाही. एक उदाहरण घ्या. क्लेम: शाळा उशिरा भरावी. एव्हिडन्स: किशोरवयात झोपेचं चक्र पुढे सरकतं, मुलांना रात्री लवकर झोप लागत नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. छान. पण यावरून शाळेनेच वेळ बदलावी हे कसं आलं? घरच्यांनी मोबाइल काढून घ्यावा, असंही निघू शकतं. मधली पायरी अशी: मुलांच्या शरीराला जे जमत नाही, त्याच्याशी शाळेने जुळवून घ्यायला हवं. हे वॉरंट. मुलांना वॉरंट म्हटलं की सिनेमातले पोलीस आठवतात. मी म्हणतो, बरोबर, पुराव्याच्या घरातून क्लेमच्या घरात शिरायचा परवाना. हा शब्द मिळाल्यावरच त्यांना ती फट दिसते. आधी दिसत नाही.

तिरकी रेघ
वॉरंट हा शब्द ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिनच्या १९५८ च्या पुस्तकातला. त्याचा नमुना फार साधा आहे: हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन. का? तिथे जन्मलेले सर्वसाधारणपणे ब्रिटिश प्रजाजन असतात. केव्हा चुकेल? आईवडील दोघंही परदेशी असतील तर. त्यातलं 'बहुधा' म्हणजे क्वालिफायर, दावा किती ठाम आहे ते सांगणारा शब्द. जोड्या लावण्यात हा शब्द क्वचितच असतो आणि मुलांना सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते, कारण त्यांची वाक्यं 'नेहमी', 'सर्वच' आणि 'कधीच नाही' यांच्यावर चालतात.

पण खरा घोळ काउंटरक्लेमचा. चौथ्या परिच्छेदात 'सम पीपल मे से' म्हणत कुणी काही लोक येतात, एक बिनडोक वाक्य बोलतात आणि दोन ओळींत गारद होतात. मुलांना शब्द माहीत आहे, जागा माहीत आहे, समोरचा माणूस माहीत नाही. अमेरिकेतल्या शाळांसाठीची कॉमन कोअर मानकं (२०१०) नववी-दहावीला दोन्ही बाजू न्यायाने मांडा, दोन्हींची ताकद आणि मर्यादा दाखवा असं सांगतात. 'न्यायाने' हा शब्द वर्गात पोचतच नाही.

जुनी वही
समोरच्याची बाजू न्यायाने मांडणं, त्याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात की! प्रतिपक्षाने ऐकून मान डोलवावी इतका नीट मांडायचा, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपलं उत्तर. आणि खडूफळा यांचं वॉरंट म्हणजे न्यायदर्शनातली, आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली, व्याप्ती: दोन गोष्टींची कायमची सोबत. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण मुलांना पटकन कळतं.

शाईचा डाग
जुनी वही, नववीत पाठ करायला आणखी पाच शब्द, न्यायदर्शनातल्या युक्तिवादाच्या पाच पायऱ्या! प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन... नको.

खडूफळा, वॉरंटपुरतं मान्य. ती फट शब्दाशिवाय दिसत नाही, हे माझ्याही अनुभवाचं आहे. बाकीच्यांचं मात्र नाही. ईथॉस, पेथॉस, लोगॉस बघा. ॲरिस्टॉटलने सांगितले ते ऐकणाऱ्याला पटवायचे मार्ग: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क. वर्गात त्यांची चिकटपट्टी झाली. रडकं वाक्य दिसलं की पेथॉस, आकडा दिसला की लोगॉस, आणि ईथॉस म्हणजे नीतिमत्ता असं अर्ध्या वर्गाला वाटतं. लिहिणाऱ्यावर विश्वास का बसावा हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

खडूफळा
'वॉरंटपुरतं मान्य, बाकीचं नाही' हे तुम्ही आत्ता जे केलंत ते कन्सेशन, आणि त्यापुढचं सगळं रिबटल. मुलांना नेमकं हेच जमत नाही: समोरच्याचं थोडं मान्य केलं की आपण हरलो असं त्यांना वाटतं. त्यांना हा धागा दाखवावा म्हणतो.

शाईचा डाग
दाखवा, पण शब्द झाकून. आधी त्यांना विचारा, मी नेमकी कुठे मागे सरकले.

तिरकी रेघ
आणि पेपरात 'काउंटरक्लेम अधोरेखित करा' आलं तर?

शाईचा डाग
येतंच. परीक्षेआधीच्या आठवड्यात व्याख्या देणारच आहे, एका पानावर. फक्त तोवर प्रत्येकाचे तीन निबंध झालेले असतील आणि प्रत्येकाच्या कडेला माझ्या हातचं 'कशावरून?' असेल.